"मी काहीच नाही" म्हणणं आणि लीन असणं

बंधू, सलाम.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते इतरांनाही कळेल. सहा वर्षं तुम्ही मंडळीतला गायनवृंद सांभाळता. कोणी कौतुक केलं की "मी काहीच नाही, सगळी प्रभूची कृपा" म्हणता. नाताळच्या उपासनेत पाळकसाहेबांनी एका नव्या मुलाला एकट्याने गायला दिलं आणि तुमची दोन रात्री झोप उडाली. पाळकसाहेब म्हणाले, "लीन व्हा." घरी बायको म्हणाली, "चर्चमध्ये लीन आणि घरी साहेब." आता तुम्ही विचारताय की लीन व्हायचं म्हणजे रोज उठून नेमकं करायचं काय, आणि तसं झालं तर लोक डोक्यावर बसणार नाहीत का.

मत्सर वाटला याची फार काळजी करू नका. गाणाऱ्याला तो वाटतोच, आणि तुम्ही तो कबूल केलाय, म्हणजे त्यावर काम करता येईल. माझा डोळा आहे तुमच्या "मी काहीच नाही" या वाक्यावर. सहा वर्षं दर आठवड्याला तालीम घेणारा माणूस "काहीच नाही" कसा? हे खरं नाही, आणि समोरच्यालाही ते माहीत असतं. म्हणून तो म्हणतो, "छे छे, असं कसं, तुमच्यामुळेच तर एवढं चाललंय!" कौतुकाचा दुसरा हप्ता पदरात पडतो. आता कल्पना करा, तुम्ही "मी काहीच नाही" म्हणालात आणि समोरचा म्हणाला, "हो, वरचे सूर तुमचे हल्ली पोचत नाहीत खरे." त्या क्षणी पोटात जे होईल त्यावरून आपण कुठे उभे आहोत ते समजतं.

हे काही आजचं निदान नाही. १२व्या शतकातले क्लेअरव्होचे मठाधिपती बर्नार्ड यांनी गर्वाच्या १२ पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यातली नववी आहे खोटी कबुली: माणूस आपले दोष फुगवून सांगतो, लोकांनी त्याला लीन म्हणावं म्हणून, आणि त्यातला एखादा दोष कोणी खरा धरला की बिथरतो. पहिली पायरी त्याहून गमतीची आहे. ती आहे कुतूहल, म्हणजे भिरभिरणारे डोळे. कोण आलं, कोण कुठे बसलं, कोण कसं गायलं. गायनवृंदाच्या बाकावरून हे सगळं फार स्वच्छ दिसतं, एवढंच सांगतो.

आता योहानाच्या शुभवर्तमानाचा १३वा अध्याय. येशूने शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग आपण ऐकून ऐकून गुळगुळीत करून टाकलाय, म्हणून क्रम नीट बघा. तिसऱ्या वचनात योहान मुद्दाम नोंदवतो की पित्याने सगळं आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जाणार, हे येशूला पक्कं ठाऊक होतं. ते ठाऊक असताना तो भोजनावरून उठतो, बाहेरची वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो. धुऊन झाल्यावर वस्त्रं परत घालून बसतो आणि म्हणतो की तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे, मी तसा आहेच. "छे, मी कसला गुरू" असं अवाक्षर नाही. आपण कोण हे पक्कं माहीत असलेल्याला खाली बसायची भीती नसते. ज्याला त्याची खात्री नाही तो खुर्ची सोडायला तयार नसतो, आणि सोडली तरी मागे वळून बघत राहतो.

या प्रसंगातली आणखी एक गोष्ट मराठी माणसाला चटकन दिसायला हवी. आपल्याकडे पायांशी जाण्याची दिशा ठरलेली आहे. धाकटा थोरल्याच्या पाया पडतो, लग्नात मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो. नेहमी खालून वर. इथे वरचा खाली आला. शिष्य पेत्र पाय मागे घेऊन अडून बसला तो उगाच नव्हे. आपल्या सासऱ्याने वाकून आपल्या चपला उचलून ठेवल्या तर आपली जी तारांबळ उडेल, तीच त्याची उडाली असणार.

तेव्हा लीनतेची माझी कामचलाऊ व्याख्या अशी: स्वतःचं माप बरोबर घेणं आणि जे मापात भरलं ते दुसऱ्याच्या कामी लावणं. रोमकरांस पत्रात (१२:३) प्रेषित पौल हेच सांगतो. आपली योग्यता आहे त्यापेक्षा मोठी समजू नका, देवाने दिलेल्या परिमाणाप्रमाणे समजूतदारपणे समजा. आहे त्यापेक्षा लहान समजा, असं तो कुठे म्हणत नाही. स्वतः तो कसं बोलतो तेही पाहा. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१५:९) तो स्वतःला प्रेषितांमध्ये सर्वांत कनिष्ठ म्हणतो, कारण त्याने मंडळीचा छळ केला होता. लगेच पुढच्या वचनात म्हणतो की त्या सर्वांपेक्षा मी जास्त श्रम केले, अर्थात मी नव्हे तर माझ्याबरोबर असलेल्या कृपेने. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, दोन्ही त्याने सांगितल्या.

इथे बरेच जण फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन (२:३) पुढे करतात. लीनतेने एकमेकांना आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना, असं तिथे आहे ना? मग ज्याचा सूर लागत नाही त्याला मी माझ्यापेक्षा चांगला गायक मानायचं का? नाही. ते खोटं होईल. लगेच पुढचं वचन अर्थ उघड करतं: प्रत्येकाने आपलंच हित न पाहता दुसऱ्यांचंही पाहावं. प्रश्न कोणाचा गळा चांगला याचा नाही, आधी कोणाची सोय बघायची याचा आहे. नवा मुलगा तुमच्यापेक्षा कच्चा गातो हे तुम्हाला दिसत असेल तर दिसू द्या, कान बंद करायचे नाहीत. ते दिसल्यावर त्याचं गाणं चांगलं व्हावं म्हणून तुम्ही काय करता, इथे लीनता सुरू होते.

डोक्यावर बसण्याबद्दल. याचं उत्तर कोण कोणाला "लीन हो" सांगतंय यावर फार अवलंबून आहे. ज्याच्या हातात माइक, किल्ल्या, पैसे किंवा पद आहे त्याने ते स्वतःला सांगायचं असतं. ज्याच्या हातात काही नाही त्याला ते वरून सांगितलं जाऊ लागलं की सावध व्हा. महाराष्ट्रातल्या कितीतरी मंडळ्यांमध्ये ज्यांचे पूर्वज येशूकडे आले, त्यांना त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या गावात "जोहार मायबाप" म्हणत वाकावं लागलं होतं. ते वाकणं लादलेलं होतं, त्याला लीनता म्हणता येणार नाही, आणि त्या आठवणीवर चर्चने नवं वाकणं चढवू नये. तसंच घरात मार खाणाऱ्या बाईला "लीन राहा, सोसा" असा सल्ला देणं हा शास्त्राचा दुरुपयोग आहे. तिला आधी सुरक्षित जागा हवी.

लीन माणूस हक्क मागत नाही असंही नाही. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती. इ.स.पू. ४२ च्या लढाईनंतर तिथे निवृत्त रोमी सैनिक वसवले गेले होते, त्यामुळे कोण कोणत्या दर्जाचा याला त्या शहरात फार भाव. त्याच शहरात पौलाला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचा निरोप पाठवला तेव्हा तो म्हणाला की आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं (प्रेषितांची कृत्ये १६:३७). लीनतेवरचं ते पत्र त्याने पुढे याच गावच्या मंडळीला लिहिलं. आणि महायाजकापुढे एका शिपायाने येशूला चपराक मारली तेव्हा येशूने विचारलं की मी वाईट बोललो असेन तर दाखव, नसेन तर का मारतोस (योहान १८:२३). आवाज चढवला नाही आणि प्रश्न गिळलाही नाही.

तुमच्या बाबतीत मात्र तराजू दुसरीकडे झुकतो. गायनवृंदात सत्ता तुमच्याकडे आहे. म्हणून पुढचं सगळं तुमच्यासाठी.

कौतुकापासून सुरुवात करा, ते सगळ्यात सोपं. कोणी म्हणालं, "आज फार छान झालं," तर म्हणा, "धन्यवाद, ऐकून बरं वाटलं." आणि थांबा. दुसऱ्या कोणाचं श्रेय खरोखर असेल तर नाव घेऊन, काय केलं ते सांगा: "दुसऱ्या कडव्यात ढोलकीवाल्याने लय सांभाळली, नाहीतर आम्ही धावलो होतो." "सगळ्या टीमचं श्रेय" हे मोघम वाक्य नको, त्यात कोणालाच काही मिळत नाही. सुरुवातीला नुसतं "धन्यवाद" म्हणून गप्प बसणं उद्धटपणाचं वाटेल. दोनतीन रविवारांत सवय होते.

मग पेटी. हे जरा सविस्तर लिहितो, कारण गायनवृंदाच्या प्रमुखाचा अहंकार बोलण्यापेक्षा पट्टीत, म्हणजे पद किती उंच सुरावरून धरतो त्यात, जास्त सापडतो. आपला गळा जिथे खुलतो तिथे आपण पद धरतो. समजा तुम्ही काळी दोनला धरलं. ध्रुपद सगळे म्हणतात. अंतरा वर गेला की मागच्या बाकांवरच्या आजीबाई गप्प होतात, तिसऱ्या ओळीला पुरुषही ओठ हलवायला लागतात, आणि तुम्ही एकटे, डोळे मिटून, सुरेख गात असता. तेच पद खाली, पांढरी एकला आणा. तुमचा आवाज थोडा बसका लागेल, तुमच्या वरच्या जागा जातील, आणि मंडळी गाईल. उपासना-संगीत या गीतपुस्तकातली नारायण वामन टिळकांची पदं मंडळीने एकत्र म्हणायची आहेत. दोन ओळींमध्ये आलाप टाकला की पुढची ओळ कधी उचलायची ते लोकांना कळत नाही आणि ते ऐकणारे होऊन बसतात. म्हणून येत्या रविवारी एकच करा: अंतऱ्याला डोळे उघडे ठेवून शेवटच्या दोन बाकांकडे बघा. तिथले ओठ थांबले तर पुढच्या वेळी पट्टी उतरवा. भिरभिरत्या डोळ्यांबद्दल वर लिहिलं ते खरं, पण हे बघणं वेगळ्या कामासाठी आहे.

टीका झाली तर तीन गोष्टी, याच क्रमाने. आधी टीका करणाऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत म्हणायचं: "म्हणजे मी तालमीत मुलांना मध्येच तोडतो, असं ना?" मग एक उदाहरण मागायचं, फक्त एक, आणि तेही उलटतपासणीच्या सुरात नाही. मग म्हणायचं, "उद्या सांगतो." २४ तास काही उत्तर द्यायचं नाही. या २४ तासांत मनातल्या मनात आपला वकील तावातावाने बोलत राहील, बोलू द्या. दुसऱ्या दिवशी जेवढं खरं आहे तेवढं मान्य करायचं. दहातलं एक खरं असेल तर एकच, पण ते "पण" न लावता. उरलेलं नऊ चूक असेल तर तेही शांतपणे सांगायला हरकत नाही. सगळंच मान्य करून टाकणारे लोक असतात, त्यांची मला जास्त काळजी वाटते. भांडण मिटवण्याची ती एक पळवाट असते, आणि महिन्याभराने ते सगळं व्याजासकट बाहेर येतं.

क्षमा मागण्याची मराठी मंडळींत एक ठरलेली ओळ आहे: "माझ्या बोलण्याने कोणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी." यात कोणाचं ते नाही, कोणत्या बोलण्याने ते नाही, आणि दुखावलं की नाही हेही अजून ठरायचंय. त्याऐवजी असं म्हणा: "परवा तालमीत सगळ्यांसमोर मी तुझा सूर चुकल्याचं सांगितलं, आणि त्यानंतर तू गायलाच नाहीस. ते मी तुला एकट्याला सांगायला हवं होतं. मंगळवारी तालमीत मी सगळ्यांसमोर हे बोलणार आहे." काय केलं, त्याने काय झालं, आता काय करणार. इजा जिथे झाली तिथेच दुरुस्ती, म्हणजे चारचौघांत अपमान करून फोनवर माफी चालत नाही. आणि "प्रभूने मला क्षमा केली आहे, आता तूही कर" हे वाक्य कधीही जोडू नका.

घरच्या मापासाठी वही लागेल. लोयोलाच्या इग्नास या कॅथलिक संताचा ग्रंथ १५४८ साली छापला गेला, त्यात एकाच दोषावर लक्ष ठेवण्याची रीत दिली आहे. मला ती अजूनही सगळ्यात उपयोगी वाटते, आणि प्रॉटेस्टंट मंडळींनी ती वापरायला काही अडचण नाही. एकच दोष निवडायचा. तुमच्यासाठी मी सुचवतो: घरच्यांचं बोलणं मध्येच तोडणं. "गर्व" असा दोष निवडू नका, तो मोजता येत नाही. वहीत रोजच्या दिवसाला दोन ओळी. सकाळी उठल्यावर तो दोष आठवायचा आणि देवाकडे मदत मागायची. दुपारच्या जेवणानंतर तोपर्यंत जितक्या वेळा घडलं तितकी टिंबं वरच्या ओळीवर, रात्री जेवणानंतर उरलेली खालच्या ओळीवर. वरची ओळ खालच्या ओळीशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून बघायचा. इग्नास आणखी एक बारीक गोष्ट सांगतो: चूक घडताच हात छातीवर न्यायचा. चारचौघांतही कोणाच्या लक्षात येत नाही, आणि नोंद मात्र तिथल्या तिथे होते.

रात्री बसाल तेव्हा १० ते १२ मिनिटं पुरेत, आणि सुरुवात टिंबांनी नको. आधी दिवसाबद्दल उपकारस्तुती, मग प्रकाश मागणं, मग दिवस तासातासाने आठवणं, मग क्षमा, मग उद्याचा निश्चय. उपकारस्तुती गाळली की ही सगळी रीत स्वतःला झोडपण्याचं यंत्र होते. ज्यांना मुळातच स्वतःबद्दल फार कमी वाटतं, जे खिन्नतेतून जात आहेत, त्यांनी टिंबांची वही करूच नये. त्यांना मी रोज देवाने दिलेली एक क्षमता आणि तिचा त्या दिवशी झालेला एक उपयोग लिहायला सांगतो. त्यांचं माप दुसऱ्या बाजूने चुकलेलं असतं.

पहिल्या आठवड्यात टिंबं वाढलेली दिसतील. दोष वाढलेला नसतो, दिसायला लागलेला असतो. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास दुसरी अडचण येते: "आज एकच टिंब!" म्हणून स्वतःवर खूश होणं. त्यावर उपाय साधा आहे. वही बायकोकडे द्या आणि विचारा, आकडा बरोबर आहे का. ती जे म्हणेल त्याला वरचा २४ तासांचा नियम लागू. सहा आठवडे एकच दोष धरा, मग बदला. ज्यांना आखीव मुदत सोयीची वाटते त्यांनी लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे, ४० दिवस घ्यावेत.

लपून करायच्या सेवेबद्दल थोडंच. उपासनेनंतर सतरंज्यांच्या घड्या घालणं, चहाचे कप विसळणं, काहीही चालेल. पण एकच काम, ठरलेलं, आणि कोणाला न सांगता. साक्ष देताना, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे सांगताना, त्याचा उल्लेख झाला की काम वाया गेलं. ओघात आणखी एक: पुढची साक्ष द्याल तेव्हा किती वाक्यं "मी"ने सुरू होतात ते एकदा मोजा.

मान खाली घालून चालणं, हळू बोलणं, मागच्या बाकावर जाऊन बसणं यातलं मी काहीच सुचवलं नाही, ते मुद्दाम. ६व्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठासाठी जो नियम लिहिला त्यात लीनतेच्याही १२ पायऱ्या आहेत. देवाचं भय पहिल्या पायरीवर, स्वतःची इच्छा बाजूला ठेवणं दुसऱ्या, आणि झुकलेली मान, खाली वळलेली नजर थेट १२व्या. बहुतेक लोक शेवटून सुरुवात करतात. मागच्या बाकाचंही तसंच. लूकाच्या १४व्या अध्यायातला पाहुणा शेवटच्या आसनावर बसतो आणि यजमान त्याला वर बोलावतो. पण कोणीतरी वर बोलवेल या हिशेबाने मागे बसलेला माणूस दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत असतो.

राहिला तो मुलगा. पुढचं एकल पद तुम्हीच त्याला द्या, पाळकसाहेबांनी सांगण्याआधी. पट्टी त्याच्या गळ्याची, तुमच्या नव्हे. पेटीवर तुम्ही बसा. अंतऱ्याला तो अडखळला तर सूर धरून ठेवा आणि पुढची ओळ हळूच वाजवून द्या. सोबत गायला लागू नका, लोकांना लगेच कळतं की उस्तादाने वाचवलं. चूक सांगायची ती मंगळवारी, तालीम संपल्यावर, बाकीचे चपला घालत असताना.